प्रक्षेप की लोप?

पाठभेद म्हटले की आम्हां साहित्याभ्यासकांना जीर्ण पोथ्या आठवतात. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनीही गेल्या अर्धशतकात स्वतःची पाठचिकित्सा उभी केली आहे, याकडे आमचे लक्ष जरा उशिराच गेले.

डग्लस मॅकिलरॉय यांनी बेल प्रयोगशाळेत रचलेले 'डिफ' हे साधन १९७४ साली युनिक्सबरोबर बाहेर पडले. दोन संहितांतील समान ओळींचा दीर्घतम क्रम शोधायचा आणि उरलेल्या ओळी भेद म्हणून नोंदवायच्या, ही त्यामागची युक्ती; ती त्यांनी जेम्स हंट यांच्यासह १९७६ साली मांडली. खरा पेच पुढचा होता. एकाच संहितेत दोघांनी एकाच जागी निरनिराळे बदल केले तर? 'डिफ३' हे साधन मूळ पाठ आणि त्याची दोन रूपे अशा तीन संहिता ताडून पाहते. बदल एकानेच केला असेल तर तो स्वीकारता येतो. दोघांनी केला असेल तर यंत्र निवाडा करीत नाही, दोन्ही पाठ खुणांमध्ये बांधून माणसापुढे ठेवते.

२००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी आरंभलेल्या 'गिट'मध्ये मात्र या खुणांत एरवी दोनच पाठ दिसतात. मूळ पाठ पाहायचा तर 'डिफ३' शैली मागून घ्यावी लागते. एका पाठात एक ओळ अधिक आहे. ती नव्याने घातली, की दुसऱ्याने गाळली? प्रक्षेप की लोप, हा आपलाच जुना प्रश्न. मूळ पाठावाचून त्याला उत्तर नाही. भेद रंगवून दाखवणाऱ्या साधनांचीही कसोटी इथेच लागते. साध्या भेदात ओळीच्या आरंभी अधिक-उणे चिन्हांचा एक रकाना असतो, संयुक्त भेदात दोन जनकांचे दोन. एकच रकाना गृहीत धरणारे साधन दुसऱ्या रकान्यातले चिन्ह मजकूर समजते. रंग चुकतो आणि वाचनही चुकते.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. तिचे संपादक वि. सी. सुखठणकर यांच्यापुढे मूळ पाठ नव्हताच. उपलब्ध पोथ्यांवरून त्याचे अनुमान करायचे होते. जिथे खात्री नव्हती, तिथे त्यांनी पाठाखाली नागमोडी रेघ ओढली. आज्ञावलीकारापाशी मूळ पाठ जपून ठेवलेला असतो, आणि तरी तो पुष्कळदा न पाहताच निवाडा होतो.

आज्ञावलीतील खुणा पुसल्यावाचून यंत्र चालत नाही. सुखठणकरांची रेघ मात्र छापील पानावर राहिली. संशय वाचकाच्या हाती सोपवण्याचे ते धैर्य आम्हांला अधिक मोलाचे वाटते.