सात वर की एक वर?

बी. कॉम. झाल्यापासून वीस वर्षं मी बँकेत आकडे बडवतोय. न बघता माझी बोटं बेरजा करतात, याचा मला मनातून फार गर्व होता. मागच्या महिन्यात एटीएमने तो उतरवला. ऐटीत पिन दाबला, चूक. पुन्हा दाबला, चूक. तिसऱ्यांदा कार्डच बंद! मागे रांगेत आमच्याच शाखेतल्या एक पेन्शनर आजी.

"अहो साहेब, तुमचाही चुकतो? मला वाटायचं, मीच वेंधळी."

घरी येऊन बघतो तो काय, आमच्या कॅल्क्युलेटरवर वरच्या ओळीत ७-८-९ आणि टेलिफोनवर १-२-३! एटीएमने टेलिफोनचा कित्ता गिरवलेला. बोटांनी बिचाऱ्यांनी इमानाने बँकेतलाच रस्ता धरला होता.

हा घोळ कोणी घातला म्हणून शोधायला गेलो, तर जॉन कार्लिन हे गृहस्थ सापडले. जन्म १९१८, दक्षिण आफ्रिका. व्हायोलिन वाजवणारा हा मानसशास्त्रज्ञ १९४५ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत, म्हणजे इंजिनियरांच्या माहेरघरात, नोकरीला लागला आणि टेलिफोनऐवजी तो वापरणाऱ्या माणसाकडे बघू लागला. नव्या फोनवर आकडे तबकडीच्या भोकांबाहेर गेले, तशी लोकांची बोटं मंदावली. कार्लिनने प्रत्येक भोकाखाली एक पांढरा ठिपका द्यायला सुचवलं. बोटाला नेम मिळाला, वेग परत आला. असंही सांगतात की, फोनची वायर किती लांब हवी हे ठरवायला त्याने सहकाऱ्यांच्या वायरी गुपचूप इंच-इंच कापल्या. फूटभर गेली तेव्हा कुठे लोकांना पत्ता लागला! आमच्याकडे साहेबांच्या टेबलावरची टाचणी हलली तरी मेमो निघतो.

पुढे तबकडी जाऊन बटणं यायची होती. आकडेमोडीच्या यंत्राची मांडणी तयारच होती, ती उचलली असती तर काम भागलं असतं. पण या मंडळींनी नाना मांडण्या माणसांच्या हाती दिल्या. कोणी गोल, कोणी पाच-पाचच्या दोन ओळींची, कॅल्क्युलेटरचीसुद्धा. वेळ मोजला, चुका मोजल्या, आवडनिवड विचारली. १९६० साली निष्कर्ष छापले. फरक फार मोठे नव्हते, पण १-२-३ वर ठेवायचं ठरलं. नोव्हेंबर १९६३ मध्ये पेनसिल्व्हेनियात तो फोन गिऱ्हाइकांच्या घरी पोचला. आज तुमच्या मोबाईलवर तीच मांडणी आहे. कार्लिन २०१३ साली वारले.

म्हणजे घोळ घालणाऱ्यांनी आधी माणसाला विचारलं होतं! मी मात्र वीस वर्षं काउंटरच्या आतून "आजी, जरा बघून भरा ना" एवढंच म्हणत आलो. चूक त्यांची की आमच्या फॉर्मची, असा प्रश्नच कधी पडला नव्हता. आता खाडाखोड दिसली की विचारतो, "आजी, कुठे अडलं?" बहुतेक जणी एकाच रकान्यावर बोट ठेवतात.

दुसऱ्या दिवशी कार्ड बंद म्हणून पैसे काढायची स्लिप मी स्वतः भरली. कॅशियरने ती परत केली. तारीख खाते क्रमांकाच्या रकान्यात!

काउंटरपलीकडे आजी उभ्याच होत्या. म्हणाल्या, "साहेब, कुठे अडलं?"