दलालाविना घर: मुंबईच्या शंभर वर्षांची साक्ष

मुंबईत घर घ्यायचे म्हटले की दलालाचा विषय निघतो आणि बहुधा टक्केवारीपाशी संपतो. किमतीच्या एक-दोन टक्के रक्कम द्यावी की वाचवावी, यावर घरोघरी खल होतो. पण दलाली हा ज्या कामांचा मोबदला आहे, ती कामे कोणती याचा विचार क्वचितच होतो. ती मुख्यतः तीन आहेत. कुठे कोणते घर विकायचे आहे याची खबर आणणे, मालकी निर्वेध आहे की नाही याचा अंदाज देणे आणि एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन पक्षांमध्ये विश्वासाचा दुवा होणे. मुंबईच्या गेल्या शंभर वर्षांत दलालाशिवाय घर मिळवण्याचे जे मार्ग टिकले, त्या प्रत्येकात ही कामे दुसऱ्या कोणीतरी अंगावर घेतली होती. आणि जिथे ती कोणीच घेतली नाहीत, तिथे दलालाचा वरचष्मा वाढत गेला. म्हणून दलालाविना घर घेणे हा प्रश्न ग्राहकाच्या धाडसाचा कमी आणि शहरातल्या संस्थांचा अधिक आहे.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. 1896 साली आलेल्या प्लेगने मुंबईच्या दाट, कोंदट वस्त्यांची अवस्था उघडी पाडली आणि 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडल्या, रस्ते आखले, नवे भूखंड तयार केले. तरी नोकरदार मध्यमवर्गीयाला एकट्याच्या बळावर भूखंड घेऊन घर बांधणे परवडत नव्हते. एकत्र येऊन घर बांधायचे तर कायद्याचा आधार हवा होता, पण 1904 चा सहकारी कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता. 1912 च्या कायद्याने इतर प्रकारच्या सहकारी संस्थांनाही दार उघडले आणि 1915 मध्ये गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. देशातल्या अगदी पहिल्या गृहनिर्माण संस्थांपैकी ही एक. तिच्यामागे रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तलमकी होते. त्यांनीच 1906 मध्ये आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी संस्था सुरू केली होती, जिची पुढे बँक झाली. गावदेवीच्या योजनेत इमारत संस्थेच्या मालकीची आणि सभासद हेच तिचे भाडेकरू, अशी रचना होती. मालक आणि भाडेकरू यांच्यात तिसरा माणूस लागलाच नाही, कारण त्याची तिन्ही कामे संस्थेने सामूहिकरीत्या केली. जागा तिने शोधली, कागदपत्रे तिने तपासली, आणि सभासद एकाच समाजातले, एकमेकांच्या ओळखीचे असल्याने भरवसा आधीपासूनच होता.

याच्या उलट चित्र पागडीच्या काळात दिसते. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने बहुतेक जागांची भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकली. महागाईच्या काळात भाडेकरूला संरक्षण देणे हा हेतू रास्त होता. पण शहरात माणसे येतच राहिली आणि गोठलेल्या भाड्यावर नवी भाड्याची घरे बांधण्यात कोणाला रस उरला नाही. खोलीची खरी किंमत आणि पावतीवरचे भाडे यांतला फरक पागडीच्या, म्हणजे खोली देताना घेतलेल्या एकरकमी रोख रकमेच्या, रूपाने वसूल होऊ लागला. कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवले होते, त्यामुळे ती रक्कम कुठल्याच कागदावर येत नसे. पैसे दिल्यावर मालकाने शब्द फिरवला तर न्यायालयात काय दाखवायचे? अशा व्यवहारात दोन्ही बाजूंना ओळखणारा, ज्याच्या शब्दावर रोकड हातोहात जाईल असा मध्यस्थ अपरिहार्य होता. भाडे नियंत्रणाचा 1999 चा कायदा मार्च 2000 मध्ये लागू झाला आणि त्याने पागडीच्या देवघेवीला मान्यता दिली, पण तोवर मधली पन्नासहून अधिक वर्षे निघून गेली होती. ज्या व्यवहाराचा कागद होत नाही, तिथे माणसाच्या शब्दाला किंमत येते आणि ती शेवटी गरजवंतालाच मोजावी लागते.

पुढे मालकी हक्काच्या फ्लॅटचा जमाना आला तेव्हाही खरेदीदार सुरुवातीला असाच उघड्यावर होता. बिल्डर पैसे घेत, करारनामा टाळत, जमिनीचे कागद दाखवत नसत. त्यावर उपाय म्हणून राज्याने 1963 मध्ये मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा आणला. जमिनीच्या मालकीची वकिलाने प्रमाणित केलेली माहिती उघड करणे, किमतीच्या वीस टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करारापूर्वी न घेणे आणि शेवटी सोसायटीच्या नावे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन व इमारतीची मालकी, करून देणे, ही बंधने बिल्डरवर आली. अंमलबजावणी ढिली राहिली. हजारो सोसायट्यांना अभिहस्तांतरण मिळाले नाही, म्हणून पुढे बिल्डरच्या संमतीशिवाय मिळणाऱ्या मानीव अभिहस्तांतरणाची तरतूद करावी लागली. तरीही दिशा योग्य होती. दलालाच्या तोंडी खात्रीऐवजी तपासता येणारा कागद ग्राहकाच्या हाती देणे, हे त्या कायद्याचे सार होते. 1908 च्या नोंदणी कायद्यात तर मालमत्तेच्या दस्तांची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येईल, असे केव्हाच लिहिलेले आहे. आज ती सूची संकेतस्थळावरही शोधता येते. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, हरकती मागवणारी जाहीर नोटीस वृत्तपत्रात द्यावी, सोसायटीकडून थकबाकीचा आणि भाग दाखल्याचा खुलासा मागावा. ही सगळी कामे सामान्य ग्राहकाला करता येतात. आपल्याकडे नोंदणी दस्ताची होते, मालकीची हमी सरकार देत नाही. पण ती हमी दलालही कधीच देत नव्हता.

दलालाविना घराच्या या मार्गांवर एक आक्षेप गंभीर आहे. सहकारी संस्थांचा विश्वास ज्या ओळखीवर उभा होता, तिने परक्यांना दाराबाहेर ठेवले. हे खरे आहे, आणि केवळ भूतकाळाचे नाही. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन (पारशी) गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याची मुभा मान्य केली. त्यामुळे दलालाला पर्याय म्हणून जातीच्या किंवा पंथाच्या ओळखीकडे परतणे मला मान्य नाही. दलालापाशी पैसा मोजला की निदान दार उघडते, मग जन्मावर दार बंद करणारी व्यवस्था त्याच्याहून बरी कशी म्हणावी? ओळखीशिवाय विश्वास उभा करण्याचा दुसरा प्रयोग म्हाडा या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या सोडतीत दिसतो. किंमत जाहीर, पात्रता जाहीर, निवड सोडतीने, आणि आम्ही दलाल नेमलेला नाही अशी सूचना जाहिरातीतच. तरीही सोडतीत घर मिळवून देतो म्हणणारे भामटे निघतात, कारण घरे थोडी आणि अर्जदार अफाट. नियम कितीही स्वच्छ असले तरी टंचाई असेल तिथे मध्यस्थाचे आमिष चालतेच, हे मान्य करून पुरवठा वाढवावा लागेल.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. चढाओढीच्या बाजारात चांगले घर काही दिवसांत जाते. नोकरी सांभाळून कागद तपासत बसणारा मागे पडतो आणि अनुभवी दलाल त्याला भाव व वेळ दोन्ही साधून देतो. हे नाकारायचे कारण नाही. 2016 च्या रेरा या स्थावर संपदा कायद्याने नव्या प्रकल्पांत व्यवहार करणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची केली आणि महाराष्ट्रात 2023 पासून प्रशिक्षण व परीक्षाही आली, ती या कामाची गरज ओळखूनच. पण जुन्या घरांच्या फेरविक्रीतला मोठा भाग या चौकटीबाहेर आहे, आणि नेमके तिथेच ग्राहक एकटा पडतो. शिवाय व्यवहार लवकर पुरा होण्यात दलालाचा फायदा असतो, तर ग्राहकाचे हित नीट तपासण्यात. घाईच्या बाजारात या दोहोंत अंतर पडते. म्हणून दलाल घेतला तरी तपासणी आपल्या हाती ठेवावी, आणि दलाल टाळला तर वाचलेल्या दलालीतला काही हिस्सा स्वतंत्र वकिलावर खर्च करावा. राज्याकडे मागणीही तशीच नेमकी हवी. फेरविक्रीच्या दलालांचीही नोंदणी व्हावी आणि मालमत्तेची मिळकत पत्रिका, दस्तसूची, बोजा व न्यायालयीन दावे एकाच ठिकाणी दिसावेत. गावदेवीच्या संस्थेने जे थोड्या ओळखीच्या सभासदांसाठी केले, ते अनोळखी लाखोंसाठी करणे हे सार्वजनिक काम आहे. ते झाले तर दलाल घ्यावा की नाही, हे ग्राहक आपल्या सोयीने ठरवू शकेल. आज तो ते नाइलाजाने ठरवतो.