जॉर्ज पीबॉडी : पत आणि दातृत्व

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या वर्गात रेल्वे, कालवे किंवा पूल शिकवताना आपण जमिनीचा उतार, मातीची भारक्षमता आणि लोखंडाची ताकद यांविषयी पुष्कळ बोलतो. या कामांना लागणारा पैसा कोणी उभा केला, हा प्रश्न मात्र सहसा वर्गात येत नाही. १९व्या शतकातील अमेरिकेत यातला बराच पैसा लंडनमधून आला. तो आणणाऱ्यांपैकी एक प्रमुख नाव म्हणजे जॉर्ज पीबॉडी (१७९५–१८६९). जे. पी. मॉर्गन यांचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. त्या घराण्याच्या बँकेचे मूळ पीबॉडी यांच्याच पेढीत आहे. पीबॉडी यांनी मिळवलेल्या पैशाचा मोठा भाग हयातीतच वाटून टाकला. या टिपणात आपण त्यांचे जीवन दोन प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून पाहू. पत कशी निर्माण होते? आणि दानाने समाजातला अन्याय किती दूर होतो?

बालपण आणि व्यापार

पीबॉडी यांचा जन्म १८ फेब्रुवारी १७९५ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील साउथ डॅन्व्हर्स या गावी झाला. आज त्या गावाचे नावच पीबॉडी आहे. घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. त्यांचे शिक्षण जेमतेम चार वर्षे झाले आणि अकराव्या वर्षी ते एका किराणा दुकानात उमेदवारी करू लागले. १८११ मध्ये वडील वारले आणि मागे कर्ज राहिले. त्याच वर्षी न्यूबरीपोर्ट शहराला मोठी आग लागली आणि भावाच्या ज्या दुकानात ते काम करत होते तेही जळाले. शेवटी ते काकांबरोबर वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनला गेले.

१८१२ च्या इंग्लंडविरुद्धच्या युद्धात ते स्वयंसेवक होते. तिथे एलायशा रिग्ज या व्यापाऱ्याशी त्यांची ओळख झाली आणि पुढे दोघांनी कापडाच्या व्यापारात भागीदारी केली. ही पेढी लवकरच बाल्टिमोरला हलली. माल खरेदीसाठी पीबॉडी इंग्लंडच्या फेऱ्या करू लागले. या फेऱ्यांमधूनच लंडनच्या सावकारी जगाशी त्यांचा परिचय वाढला. घरचे कर्ज फेडणे आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण करणे, ही जबाबदारीही त्यांनीच उचलली. त्यांनी लग्न केले नाही.

मेरीलँडचे रोखे

त्यांच्या आयुष्यातील निर्णायक प्रसंग इथून सुरू होतो. मेरीलँड राज्याला बाल्टिमोर-ओहायो रेल्वे आणि चेसापीक-ओहायो कालवा या दोन मोठ्या कामांसाठी भांडवल हवे होते. राज्याने ८० लाख डॉलरचे रोखे काढले आणि ते युरोपात विकण्यासाठी जे प्रतिनिधी नेमले त्यांत पीबॉडी होते. १८३७ मध्ये ते लंडनमध्ये स्थायिक झाले. हे वर्षच अमेरिकेतील आर्थिक मंदीचे होते. तरीही त्यांनी रोखे खपवले.

पुढे मंदी लांबली. १८४१-४२ च्या सुमारास आठ राज्यांनी आणि फ्लोरिडा प्रदेशाने व्याज देणे थांबवले. त्यांत मेरीलँडही होते. लंडनमध्ये अमेरिकन माणूस म्हणजे बुडवणारा, अशी भावना पसरली. ज्यांनी पीबॉडी यांच्या शब्दावर पैसे गुंतवले होते त्यांच्यासमोर ते रोज वावरत होते. थकलेले व्याज पुन्हा सुरू करावे यासाठी ते मेरीलँडमधील मंडळींना सतत लिहीत राहिले. अखेर १८४८ च्या प्रारंभी मेरीलँडने व्याज देणे पुन्हा सुरू केले. रोखे विकल्याबद्दल देय असलेले ६० हजार डॉलरचे कमिशन त्यांनी घेतले नाही, म्हणून राज्याच्या विधिमंडळाने त्यांचे आभार मानले.

येथे दुसरी बाजूही लक्षात घ्यावी. पडत्या काळात त्यांनी स्वतः असे रोखे कमी भावात विकत घेतले होते. व्याज सुरू झाल्यावर त्यांचा भाव चढला आणि पीबॉडी यांना मोठा नफा झाला. म्हणजे राज्याची पत सावरण्यात त्यांचा स्वार्थही होता. पण बाजार उठलेला असताना त्यांनी विश्वास ठेवला आणि तो खरा ठरावा म्हणून खटपटही केली, हेही तितकेच खरे आहे.

लंडनमधील पेढी

१८५१ मध्ये लंडनमध्ये जागतिक औद्योगिक प्रदर्शन भरले. अमेरिकन विभागासाठी तेथील सरकारने पुरेसा पैसा दिला नव्हता, त्यामुळे दालन ओकेबोके राहण्याची वेळ आली. पीबॉडी यांनी १५ हजार डॉलर उसने दिले. त्यामुळे मॅकॉर्मिक यांचे कापणी यंत्र आणि कोल्ट यांची पिस्तुले युरोपसमोर नीट मांडता आली. त्याच वर्षी ‘जॉर्ज पीबॉडी अँड कंपनी’ ही बँक म्हणून काम करू लागली आणि अमेरिकन रेल्वेच्या रोख्यांचा व्यवहार वाढला.

१८५४ मध्ये त्यांनी ज्युनियस स्पेन्सर मॉर्गन यांना भागीदार केले. १८५७ च्या आर्थिक संकटात अमेरिकेतून येणी थांबली आणि पेढी बुडण्याच्या बेताला आली. तेव्हा बँक ऑफ इंग्लंडने ८ लाख पौंडांपर्यंत कर्ज मंजूर केल्याने ती तरली. इतरांना पत मिळवून देणाऱ्याला स्वतःच्या पतीवर उभे राहावे लागले, तो हा प्रसंग. १८६४ मध्ये पीबॉडी निवृत्त झाले आणि पेढी ‘जे. एस. मॉर्गन अँड कंपनी’ झाली. ज्युनियस यांचे पुत्र म्हणजेच जे. पी. मॉर्गन.

हयातीतले दान

पीबॉडी स्वतःवर फार कमी खर्च करत. पण १८५२ पासून त्यांनी मोठ्या देणग्या द्यायला सुरुवात केली. आधी जन्मगावी ग्रंथालय व व्याख्यानांची संस्था आणि १८५७ मध्ये बाल्टिमोरला पीबॉडी इन्स्टिट्यूट उभी राहिली. १८६६ मध्ये हार्वर्ड आणि येल विद्यापीठांना प्रत्येकी दीड लाख डॉलर देऊन तेथील संग्रहालयांची पायाभरणी झाली.

मार्च १८६२ मध्ये त्यांनी लंडनच्या गरिबांसाठी दीड लाख पौंडांचा निधी जाहीर केला. पुढे ही रक्कम ५ लाख पौंडांपर्यंत गेली. विश्वस्तांनी हा पैसा कामगारांच्या घरांसाठी वापरायचे ठरवले आणि १८६४ मध्ये स्पिटलफील्ड्स भागात पहिली इमारत उभी राहिली. धर्म किंवा राजकीय मत पाहून भेद करायचा नाही, ही दात्याची अट होती. घरे फुकट नव्हती. भाडे घेऊन त्यातून पुढची घरे बांधायची, अशी योजना होती. म्हणूनच ही संस्था आजही चालू आहे आणि तिच्याकडे एक लाखाहून अधिक घरे आहेत. पण नियमित भाडे द्यायला नियमित मजुरी लागते. त्यामुळे रोजंदारीवर जगणारे अगदी तळचे लोक सुरुवातीला बाहेरच राहिले.

शिक्षण निधी आणि त्याची मर्यादा

१८६७ मध्ये, यादवी युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या दक्षिणेकडील राज्यांसाठी त्यांनी पीबॉडी शिक्षण निधी स्थापन केला. १८६९ मध्ये भर घातल्यावर त्याचे खरे भांडवल सुमारे २० लाख डॉलर झाले. सार्वजनिक शाळा आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांना त्यामुळे बळ मिळाले. निधीत त्यांनी मिसिसिपी राज्याचे थकीत रोखेही दिले होते. मेरीलँडने व्याज दिले, मिसिसिपीने मात्र हे देणे कधीच फेडले नाही.

गरजेखेरीज अन्य भेद न करता मदत व्हावी, असे पीबॉडी यांनी लिहिले होते. प्रत्यक्षात निधीचे पहिले प्रमुख बार्नास सीअर्स यांनी गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या एकत्र शाळांना विरोध केला. काळ्या मुलांच्या शाळांना गोऱ्यांच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश दराने मदत देण्याचे धोरण होते. नुकतीच गुलामगिरीतून सुटलेली मुले ज्या निधीची सर्वांत जास्त गरजू होती, त्याच निधीने त्यांना कमी दिले. दात्याचा हेतू कागदावर राहतो आणि व्यवहार कारभाऱ्यांच्या हातात जातो, हे यातून दिसते.

अखेर

व्हिक्टोरिया राणीने देऊ केलेला किताब पीबॉडी यांनी नाकारला. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. काही काळ त्यांचा देह वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये ठेवण्यात आला. मग ब्रिटिश युद्धनौका ‘मोनार्क’ने तो अमेरिकेला नेला. सेलम येथे त्यांचे दफन झाले.

समारोप

पीबॉडी यांना संत ठरवणे सोपे आहे आणि नफेखोर ठरवणेही सोपे आहे. दोन्ही टाळून पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. रोख्याचे मूल्य त्यावर छापलेल्या रकमेत नसते, ते देणेकऱ्याच्या शब्दात असते. दानाचेही तसेच आहे. त्याची किंमत जाहीर झालेल्या आकड्यावरून कळत नाही. शेवटच्या माणसाला त्यातले किती पोहोचले, यावरून कळते.

विचारासाठी प्रश्न

१. राज्याने व्याज थांबवल्यावर दलालाची नैतिक जबाबदारी कुठपर्यंत राहते?
२. भाडे घेणारी घरकुल योजना फुकट घरांपेक्षा अधिक टिकाऊ का ठरली? तिच्यामुळे कोण वगळले गेले?
३. शिक्षण निधीतील भेदभाव टळावा म्हणून दात्याला विश्वस्तपत्रात कोणत्या अटी घालता आल्या असत्या?