निवेदक कुठून आणायचा?

मागच्या व्याख्यानानंतर न्यू जर्सीहून ऐकणाऱ्या एका श्रोत्याचा प्रश्न वेळेअभावी राहून गेला होता. त्यांच्या मुलीचा कॉलेजातला गट बागेत, उघड्यावर, आफ्रोफ्युचरिझमचा एक प्रयोग करणार आहे. त्यासाठी गोष्ट सांगणारा निवेदक, म्हणजे एमसी, हवाय. गट आवाजाच्या ध्वनिफिती मागवून निवड करणार आहे. हे बरोबर आहे का, असा प्रश्न. माझ्या मते नाही, आणि त्याचं कारण इतिहासात आहे.

आफ्रोफ्युचरिझम हा शब्द मार्क डेरी या अमेरिकन समीक्षकाने १९९३च्या सुमारास रूढ केला. त्याची शंका अशी: ज्यांचा भूतकाळ हेतुपुरस्सर पुसला गेला, त्यांनी भविष्याची कल्पना करायची ती कशाच्या आधारावर?

आता बघा, पश्चिम आफ्रिकेत, माली-गिनीच्या भागात, गोष्ट सांगणारा निवडावा लागत नसे. तो त्या घराण्यात जन्मालाच यायचा. त्याला 'जेली' म्हणतात, फ्रेंचांनी 'ग्रिओ' केलं. तेराव्या शतकातल्या सुंजाता राजाची कथा कुयाते घराण्याचे जेली आजही सांगतात. पण कथा हा कामाचा एक भाग झाला. समोरच्या माणसाच्या वाडवडिलांची नावं चारचौघांत बिनचूक घेणं हे त्याचं खरं काम. आपल्या दक्षिण महाराष्ट्रातला हेळवी आठवा, म्हणजे कल्पना येईल.

अटलांटिकपार नेलेल्या माणसांचं नेमकं हेच तुटलं. जहाजाच्या हिशेबात माणूस म्हणजे आकडा, आणि मळ्यावर मालक ठेवील ते नाव. तिथे जेलीची गादी चालणार कशी? निवेदक कुणालातरी करावा लागणार होता.

मोठ्या प्रमाणावर तो प्रयत्न केला डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी. हार्वर्डला तत्त्वज्ञान शिकलेले, विल्यम जेम्सचे विद्यार्थी, म्हणजे आमच्याच बिरादरीतले! गुलामीमुक्तीच्या पन्नाशीला, १९१३ साली, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 'द स्टार ऑफ इथिओपिया' हा भव्य प्रयोग उभा केला. १९१५ साली तो वॉशिंग्टनला बेसबॉलच्या मैदानात, उघड्या आभाळाखाली झाला. सुमारे हजार पात्रं, तीही तिथल्याच कृष्णवर्णीय वस्तीतली. सुरुवातीलाच चार भालदार चार कोपऱ्यांवरून कर्णे फुंकतात आणि दवंडी देतात, की आफ्रिकेने जगाला काय दिलं ते ऐका. पहिली देणगी लोखंड. दृश्य जबरदस्त असणार, पण भालदार सगळ्यांना एकत्रच हाक मारतो. तिसऱ्या रांगेत कोण बसलंय याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. आणि याच डू बॉइसनी १९२० साली 'द कॉमेट' ही धूमकेतूची कथा लिहिली, म्हणजे भविष्य त्यांच्या डोक्यात होतंच. निवेदकाच्या तोंडी मात्र त्यांनी भूतकाळ दिला.

सन रा या संगीतकाराने ते उलटं केलं. जन्म १९१४, अलाबामातल्या बर्मिंगहॅमचा, पण सांगायचा की मी शनीवरून आलो. १९७४च्या 'स्पेस इज द प्लेस' चित्रपटात तो ओकलंड शहरात चक्क नोकरभरतीची कचेरी उघडतो, अवकाशात न्यायला माणसं हवीत म्हणून! (त्याआधी तो आपल्या वादकांसह ओकलंडमध्ये ब्लॅक पँथरांच्या घरात राहिला होता. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं ते याच पँथरांवरून.)

पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक जाहिरात न देता झालेली निवड. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १५२०, सेजविक अव्हेन्यू. तिथे राहणाऱ्या सिंडी कॅम्पबेलला शाळेच्या कपड्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून इमारतीच्या सामायिक खोलीत पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या लावायला तिचा भाऊ, जमैकाहून आलेला अठरा वर्षांचा कूल हर्क. आणि माइकवर त्याचा मित्र कोक ला रॉक. त्याने केलं काय? कविता म्हटली नाही, कथा सांगितली नाही. आलेल्या दोस्तांची नावं पुकारली. यमकं-बिमकं नंतर आली.

म्हणजे जे तुटलं होतं तेच, वाडवडिलांविना, एका खोलीत पुन्हा सुरू झालं. त्याला कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. पण पुढे हर्क बागेत गेला, दिव्याच्या खांबातून वीज घेऊन कर्णे लावू लागला, तेव्हा या नावं घेण्याचा उपयोग कळला. बागेला दार नसतं, तिकीट नसतं. नाव ऐकलेला माणूस थांबतो, बाकीचा पुढे जातो.

तेव्हा त्या मुलीला माझा निरोप असा. ध्वनिफिती बाजूला ठेवा. प्रयोग ज्या बागेत आहे, तिच्या आसपासच्या कृष्णवर्णीय वस्तीत आधी विचारा. गोष्ट त्यांची आहे. दोन-तीन जणांना संध्याकाळी तासभर त्या बागेत सोडा. परत आल्यावर तिथल्या किती माणसांची नावं ते सांगतात ते बघा. संहिता त्यानंतर हातात द्या.