रॉबिन्सन क्रूसोच्या बेटावरील काळ, हिशेब आणि नाव

डॅनिएल डीफोची 'रॉबिन्सन क्रूसो' ही कादंबरी २५ एप्रिल १७१९ रोजी लंडन येथे प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या शीर्षकपृष्ठावर डीफोचे नाव नव्हते. हा वृत्तांत खुद्द क्रूसोनेच लिहिला आहे, असे तेथे छापलेले होते. या बतावणीमुळे ग्रंथातील बारीकसारीक तपशिलांना दस्तऐवजाचे रूप आले. इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे दस्तऐवज म्हणूनच पाहावयास हवे. म्हणजे त्यात काय नोंदविले आहे याजबरोबर, लेखकाच्या हाताशी असलेल्या साधनांतून काय गळले आहे, हेही तपासावयास हवे.

बेटावर व्यवस्था निर्माण करण्याचा क्रूसोचा पहिला प्रयत्न कालगणनेचा आहे. किनाऱ्यावर पाऊल ठेवल्यापासून दहाबारा दिवसांत तो एक खांब क्रूसाच्या आकारात उभा करतो, त्यावर ३० सप्टेंबर १६५९ ही तारीख कोरतो आणि रोज चाकूने एक खाच पाडू लागतो. रविवारची खाच लांब, महिन्याची त्याहून लांब. हा खांब म्हणजे सुधारलेल्या जगाशी जोडणारा एकमेव धागा, असे टीकाकार सामान्यतः सांगतात. परंतु हा धागा लवकरच तुटतो, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. रविवारची लांब खाच पाडणे क्रूसो मध्यंतरी सोडून देतो व वारांचा मेळच त्याला उरत नाही. वर्ष पुरे झाल्यावर तो दिवसांची बेरीज करतो, त्यांचे आठवडे पाडतो आणि दर सातवा दिवस रविवार ठरवितो. तापाच्या ग्लानीत आणखी एखादा दिवस हरवला असावा, अशी कबुलीही तो देतो.

हिशेबाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. जहाजावरून आणलेली शाई पाणी घालघालून पुरविताना क्रूसो आपल्या दैवाचाही जमा-नावे पद्धतीने ताळेबंद मांडतो. एका बाजूस वाईट, दुसऱ्या बाजूस चांगले. डीफो स्वतः व्यापारी होता आणि १६९२ मध्ये त्याचे दिवाळे निघाले होते, हे ध्यानात घेतले की या कोष्टकाचे नवल वाटत नाही. फुटक्या जहाजात सापडलेल्या छत्तीस पौंडांच्या नाण्यांना क्रूसो निरुपयोगी म्हणून हिणवितो, आणि नंतर विचार करून ती बरोबर घेतो. ज्या सफरीत जहाज फुटले ती ब्राझीलमधील मळ्यांसाठी गिनीच्या किनाऱ्यावरून गुलाम आणण्याची होती, हेही विसरता कामा नये.

आता भाषेकडे वळू. अलेक्झांडर सेल्कर्क हा स्कॉटिश खलाशी १७०४ मध्ये हुआन फर्नांदेस द्वीपसमूहातील मास आ तिएरा या बेटावर एकटा राहिला व फेब्रुवारी १७०९ मध्ये वुड्स रॉजर्सच्या जहाजाने त्याची सुटका केली. १७१२ मध्ये छापलेल्या आपल्या सफरीच्या वृत्तांतात रॉजर्स नोंदवितो की, वापराअभावी सेल्कर्क आपली भाषा इतकी विसरला होता की त्याच्या तोंडून शब्द अर्धवटच निघत. रिचर्ड स्टील याने १७१३ मध्ये लिहिलेल्या लेखात मात्र निराळी हकीकत आहे: वाचा शाबूत राहावी म्हणून सेल्कर्क मोठ्याने पाठ करीत असे. स्टीलची भेट सेल्कर्क लंडनला परतल्यानंतरची, तर रॉजर्सने त्याला बेटावरून उतरवून घेतानाच ऐकलेले. भाषिक पुरावा म्हणून रॉजर्सची साक्ष मला अधिक ग्राह्य वाटते. उच्चारणाची सवय जाणे आणि स्मृती राहणे या एकाच वेळी संभवणाऱ्या गोष्टी आहेत.

सुमारे साडेचार वर्षांत सेल्कर्कचे हे झाले. क्रूसो अठ्ठावीस वर्षे राहतो, आणि पंचवीस वर्षांच्या एकांतानंतर दुसरा मनुष्य भेटताच त्याची इंग्रजी जशीच्या तशी हजर असते! अडचण डीफोलाही जाणवली असावी, कारण त्याने मध्ये पोपटाची योजना केली आहे. क्रूसो त्याला स्वतःचे नाव उच्चारावयास शिकवितो. बेटावर आपल्याखेरीज अन्य मुखातून ऐकलेला पहिला शब्द पोपटाचा, अशी नोंदही करतो. परंतु पोपट प्रतिध्वनी देतो, उत्तर देत नाही. संवादाच्या अभावी भाषेची होणारी झीज या कथेत कोठेच दिसत नाही.

फ्रायडेचे नामकरण या पार्श्वभूमीवर पाहावे. क्रूसो त्याचे मूळ नाव विचारीत नाही. ज्या वारी प्राण वाचविले तो वार त्याचे नाव म्हणून सांगतो, मागोमाग आपणांस 'मालक' म्हणावयास शिकवितो, आणि मग 'होय' व 'नाही'. आपल्याकडेही सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी वारांवरून नावे ठेवण्याची चाल आहे. पण ती जन्मवारावरून, घरच्यांनी ठेवलेली असतात. येथे वार मालकाच्या खांबावरचा, आणि तोही संशयित. तो दिवस खरोखर शुक्रवार होता, असे क्रूसोचाच हिशेब छातीठोकपणे सांगू शकत नाही.

या प्रसंगाला पूर्वाधार आहे. विल्यम डॅम्पिअर याच्या १६९७ च्या प्रवासग्रंथात, सेल्कर्कच्या आधी त्याच बेटावर १६८१ ते १६८४ एकटा राहिलेल्या एका मिस्किटो इंडियनाची हकीकत येते. इंग्रज त्याला विल म्हणत. बंदुकीच्या नळीचे तुकडे पाडून त्याने मासेमारीचे भाले व गळ घडविले होते. त्याला भेटावयास प्रथम धावला तो रॉबिन नावाचा दुसरा मिस्किटो. तो विलच्या पायांशी पालथा पडला, विलने त्याला उठवून आलिंगन दिले व मग स्वतः तसाच त्याच्या पायांशी पडला. ही नावे इंग्रजांनी दिलेली, या लोकांत आपापसांत नावेच नसतात, असे डॅम्पिअर निर्धास्तपणे लिहितो. परक्यासमोर नाव न उच्चारण्याचा संकेत आणि नावच नसणे यांत केवढे अंतर आहे, हे भाषाभ्यासकास सांगावयास नको.

हे ग्रंथ डीफोच्या वाचनात होते, असे अभ्यासक मानतात. तसे असेल तर विल-रॉबिनच्या भेटीतील साष्टांग नमस्कार त्याने ठेवला, पण त्यातील परतफेड काढून टाकली: फ्रायडे क्रूसोचे पाऊल आपल्या मस्तकावर ठेवतो, आणि क्रूसो वाकत नाही. रॉबिन हे नाव तर मालकाकडे गेले. योगायोगही असेल, त्या काळी ते नाव सामान्य होते.

१९ डिसेंबर १६८६ रोजी बेट सोडताना क्रूसो आठवण म्हणून बकऱ्याच्या कातड्याची टोपी, छत्री आणि एक पोपट बरोबर घेतो. जपून ठेवलेली नाणीही घेतो. खाचांच्या खांबाचा त्या यादीत उल्लेख नाही.