कापडी पंख

आकाशांत विहार करण्याची मनुष्याची आकांक्षा जुनी. तिचें मोलही तितकेंच जुनें. जर्मनीचे ऑटो लिलिएंथाल १८९६ सालीं ग्लायडरसह कोसळले व दुसऱ्या दिवशीं निवर्तले. पुढें डोमिना जॅल्बर्ट यांनीं, वारा भरतांच पंखाचा आकार घेणारी कापडी हवाई छत्री सिद्ध केली. आणि १९७८ सालीं फ्रान्समधील मियुसी येथें कांहीं छत्रीधाऱ्यांनीं विमानाऐवजीं डोंगरउतारावरून धांवत जाऊन उड्डाण केलें. पॅराग्लायडिंगचा उगम हा. आज पुणें जिल्ह्यांत कामशेतच्या टेकड्यांवरूनही असे पंख झेपावतात.

जोडउड्डाणांत प्रवासी पुढें, चालक मागें. दोघांचा भार बारीक दोऱ्यांवर. पंखांत लाकूड नाहीं कीं लोखंडी सांगाडा नाहीं. कापड आणि कोंडलेली हवा, एवढेंच. हें नायलॉनी कापड उन्हानें दुबळें होतें, त्यांतून हवा झिरपूं लागते. दोऱ्यांची लांबी कमीजास्त होते. म्हणून झिरप यंत्रानें मोजणें, दोऱ्या व कड्या तपासणें, राखीव छत्री ठराविक मुदतीनें उलगडून पुन्हां घडी घालणें, आणि वारा प्रतिकूल दिसतांच उड्डाण रद्द करणें, हा चालकाचा धर्म ठरला. प्रवाशास यांतलें कांहींच दिसत नाहीं. तो विश्वासानें पट्टे बांधून घेतो. त्या विश्वासाचें रक्षण जमिनीवरच करावें लागतें.