वतन, चाकरी आणि बावडा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न असतो: पुढे काय करायचं? गावगाड्यात मात्र हा प्रश्न कुणी विचारत नव्हतं, कारण उत्तर जन्माबरोबरच ठरलेलं असायचं. सुताराचा मुलगा सुतार, कुलकर्ण्याचा मुलगा दप्तर सांभाळणार, महाराचा मुलगा वेसकर.

वतन म्हटलं की आपल्याला मान आठवतो, हक्क आठवतो. आता महार वतन बघा. सरकारी सांगावे पोचवायचे, वसुलाच्या पैशाला सोबत जायचं, मेलेली जनावरं ओढायची. बदल्यात काय, तर वाटण्या होऊन होऊन उरलेला जमिनीचा तुकडा आणि दारोदार मागून आणायचं बलुतं. वेळकाळ नाही, रात्री हाक आली तरी निघायचं. वतनदार घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्यानं जायचं. इंग्रजांनी 1874 च्या कायद्यानं ही रीत मोडली नाही, उलट तिला सरकारी शिक्का दिला.

यातून सुटायची एक वाट होती, पलटण. तिथे भरती होती, बढती होती, पेन्शन होती, आणि मुलांना अक्षरओळख होती. रामजी सकपाळ सुभेदार म्हणून निवृत्त झाले, लष्करी शाळेत शिकवलंही. त्यांच्या धाकट्या मुलाचं पुढे काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. पण 1892 च्या सुमारास सरकारनं महारांची भरतीच थांबवली. आयुष्यभराची शिडी एका हुकमानं काढून घेतली.

तो धाकटा मुलगा 1928 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागायला उभा राहिला. डॉ. आंबेडकरांची मागणी ऐकायला साधी आहे: ज्याला ही चाकरी नको असेल त्यानं जमिनीचा पूर्ण सारा भरावा आणि मोकळं व्हावं. आजच्या भाषेत सांगायचं तर राजीनामा देण्याचा हक्क. मला वाटतं, करिअर या गोष्टीची सुरुवात नोकरी मिळण्यात नाही, काम सोडता येण्यात आहे. ते विधेयक काही तेव्हा मंजूर झालं नाही. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा 1958 चा. तो लागू झाला 1 ऑगस्ट 1959 ला. मधली तीस वर्षं म्हणजे एका माणसाची अख्खी नोकरी. आणि जमीन परत नावावर करून घ्यायला साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरायची होती, ती वेगळीच.

कुलकर्णी वतनं त्याआधीच, 1950 च्या कायद्यानं गेली. तिथेही नुकसान झालं, नाही म्हणत नाही. पण त्या घरांत लिहिणं-वाचणं पिढ्यान्‌पिढ्या होतं. मुलं कचेरीत, शाळांत आधीच गेली होती. वतन गेलं, अक्षर राहिलं. ज्यांच्या वतनात अक्षरच नव्हतं त्यांना ते कमावण्यापासून सुरुवात. 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघालं तेव्हा वर्ग सकाळी भरायचे, ते उगाच नाही. दिवसा पोटाचं काम असायचं.

आता बावड्याकडे येऊ. इंदापूर तालुक्यातलं हे गाव, नीरेच्या पाण्यावर ऊस पिकवणारा पट्टा. 1972 मध्ये इथे दलितांवर सामाजिक बहिष्कार पडला. बहिष्कार हा शब्द कागदावर कोरडा वाटतो. प्रत्यक्षात शेतावर काम बंद, दुकानात मीठ-तेल बंद, गिरणीत दळण बंद. कायद्यानं वतन गेलेलं असतं, पण मजुरी देणारा हात तोच असतो. आणि गावही साधं नव्हतं, तेव्हाच्या एका राज्यमंत्र्यांचं होतं.

त्या वर्षी अशा ज्या घटनांनी मुंबईतले तरुण पेटले आणि दलित पँथर उभी राहिली, त्यांत बावडा होतं. हे तरुण कोण होते बघा. नामदेव ढसाळ पुणे जिल्ह्यातल्याच एका खेड्यातून मुंबईत आलेले, टॅक्सी चालवलेली. ज. वि. पवार बँकेत नोकरीला. वतन सोडून पगारावर जगणारी ही पहिली-दुसरी पिढी. गावातला माणूस बोलला तर त्याचं दळण बंद व्हायचं. यांचा पगार गावातून येत नव्हता, म्हणून यांना बोलता आलं.

एक हिशेब सांगतो. वतनं गेली त्या 1959 साली जन्मलेलं मूल बहिष्काराच्या वर्षी तेरा वर्षांचं होतं. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन 1975 मध्ये महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा झाली, तेव्हा ते सोळाचं. त्या परीक्षेला बावड्याच्या दलित वस्तीतून कुणी बसलं असेल, तर 'पुढे काय?' हा प्रश्न त्या घरात बहुधा पहिल्यांदाच विचारला गेला असेल.